खोबरेल गोठतं, मग शेंगदाणा तेल का नाही? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात लिहिता लिहिता एक वाक्य लिहून गेले होते, की तूप, खोबरेल आणि शेंगदाणा तेल ही रसायनाच्या दृष्टीने एकाच घरातली भावंडं आहेत. त्यावर बरीच पत्रं आली, काहींना पटलं नाही, काहींनी घरातल्या बाटल्या काढून बघितल्या आणि आणखी प्रश्न पाठवले. मला हा विषय फार जवळचा आहे, वर्गात शिकवताना तर मी नेहमी स्वयंपाकघरापासूनच सुरू करते, त्यामुळे या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय.

प्रश्न : आम्ही पुण्यात राहतो. डिसेंबर-जानेवारीत खोबरेलाची बाटली दगड होते, उन्हात ठेवावी लागते. शेजारीच शेंगदाणा तेलाचा डबा असतो पण ते पातळच राहतं. दुकानदार म्हणतात गोठतं ते शुद्ध, न गोठणारं भेसळीचं. मग आमच्या शेंगदाणा तेलात भेसळ आहे का? (एक गृहिणी, पुणे)

ताई, नाही, निदान एवढ्यावरून तरी तसं म्हणता येणार नाही. दुकानदाराचं वाक्य खोबरेलापुरतं थोडंफार चालेल पण ते सगळ्या तेलांना लावायचं नसतं.

आधी मेदाचा रेणू कसा दिसतो ते बघू, म्हणजे पुढच्या सगळ्या उत्तरांना तेच उपयोगी पडेल. तीन कार्बनची एक छोटीशी पट्टी डोळ्यासमोर आणा, तिच्यावर तीन खुंट्या आहेत. ही पट्टी म्हणजे ग्लिसरॉल, आणि खुंट्या म्हणजे त्याचे तीन ओएच गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या. प्रत्येक खुंटीवर एकेक लांब साखळी लटकवलीय, ती म्हणजे फॅटी ॲसिड. पट्टी एक, साखळ्या तीन, म्हणून नाव ट्रायग्लिसराइड. रक्ताच्या रिपोर्टवर जे ट्रायग्लिसराइड लिहून येतं ना, तेच हे, आणि कढईतलं तेलही तेच. पट्टी सगळीकडे एकच असते, तुपात तीच, करडईच्या तेलात तीच, माशाच्या तेलातही तीच. फरक असतो तो साखळ्यांमध्ये. त्या किती लांब आहेत आणि सरळ आहेत की वाकड्या, या दोनच गोष्टी लक्षात ठेवा, बाकी बरंचसं त्यातून आपोआप निघतं.

साखळीतल्या प्रत्येक कार्बनला जेवढे हायड्रोजन धरता येतात तेवढे धरलेले असतील तर ती संपृक्त, म्हणजे सॅच्युरेटेड. अशी साखळी बऱ्यापैकी सरळ असते. पण मध्येच दोन कार्बनांनी एकमेकांचा हात दोन्ही हातांनी धरला, म्हणजे दुहेरी बंध झाला, की तिथे साखळीला बाक येतो. आता उसाची मोळी आठवा, सरळ कांड्या एकाला एक चिकटून घट्ट बांधल्या जातात. आणि बाभळीच्या वाकड्या फांद्यांची मोळी बांधून बघा, मध्ये जागा राहतेच, कितीही आवळा. रेणूंचंही तसंच होतं. सरळ साखळ्या दाटीने बसतात, एकमेकींना धरून ठेवतात, त्यांना सुटं करायला जास्त उष्णता लागते, म्हणून ते स्निग्ध घट्ट. वाकड्या साखळ्या नीट बसतच नाहीत म्हणून ते पातळ.

हा फरक किती मोठा असतो बघा. स्टिअरिक ॲसिडमध्ये 18 कार्बन, एकही दुहेरी बंध नाही, ते साधारण 69 अंश सेल्सिअसला वितळतं. ओलेइक ॲसिडमध्येही 18च कार्बन, फक्त मध्यावर एक दुहेरी बंध, आणि ते साधारण 13 अंशालाच पातळ होतं. एका बाकामुळे पन्नासहून जास्त अंशांचा फरक! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच थक्क व्हायला झालं होतं.

शेंगदाणा तेलात तीन चतुर्थांशाहून जास्त भाग ओलेइक आणि लिनोलेइक या वाकड्या साखळ्यांचा असतो, म्हणून ते पुण्याच्या थंडीत पातळ राहतं. फ्रिजमध्ये ठेवलंत तर मात्र तेही गढूळ होईल, कारण त्यात थोड्या लांब सरळ साखळ्याही असतात, त्यातल्या 20 कार्बनवालीचं नावच ॲराकिडिक आहे, भुईमुगाच्या शास्त्रीय नावावरून, ॲराकिस.

खोबरेल याच्या अगदी उलट, त्यातल्या सुमारे 90 टक्के साखळ्या संपृक्त. मग तुम्ही म्हणाल की ते तर बारा महिने दगडच असायला हवं. इथे दुसरी गोष्ट येते, लांबी. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक ॲसिड असतं, 12च कार्बनचं, आणि काही साखळ्या त्याहून आखूड, 8 आणि 10 कार्बनच्या. आखूड साखळ्यांची एकमेकींवरची पकड कमी, म्हणून खोबरेल साधारण 24 अंशांच्या आसपास वितळतं. मे महिन्यात पाण्यासारखं, जानेवारीत खडा, हे त्यामुळेच. रत्नागिरीच्या माणसाला ते वर्षातून क्वचित गोठलेलं दिसेल आणि नाशिकच्या माणसाला दर हिवाळ्यात, तेल तेच.

आणि एक, केसांच्या काही सुगंधी तेलांत मिनरल ऑइल असतं, ते थंडीत गोठत नाही. पण ते मेदच नाही, पेट्रोलियमपासून काढलेलं असतं, त्यात ना ग्लिसरॉलची पट्टी ना फॅटी ॲसिड. तेव्हा बाटलीवर काय काय लिहिलंय ते वाचा, नुसतं गोठण्यावरून निर्णय करू नका.

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. सर म्हणाले मेद तयार होताना 3 पाणी निघतात, पण ते कुठून येतात? आणि मेदाला पॉलिमर म्हणायचं का? एमसीक्यूमध्ये नेहमी चुकतं. (विद्यार्थी, लातूर)

बाळा, आधी एक काम कर, वही घे आणि चित्र काढ, पाठ करू नकोस. ग्लिसरॉलच्या प्रत्येक खुंटीवर ओएच आहे, आणि फॅटी ॲसिडच्या डोक्याशी सीओओएच. दोघं जोडले जाताना ॲसिडचा ओएच आणि ग्लिसरॉलचा एक एच बाहेर पडतो, त्यांचं मिळून पाणी होतं. जो सांधा उरतो तो एस्टर बंध. खुंट्या तीन म्हणून सांधे तीन आणि पाणी तीन.

खरं झालं का ते आकड्यांनी तपासता येतं. ग्लिसरॉलचा रेणुभार 92, स्टिअरिक ॲसिडचा 284. तिप्पट केलं की 852, त्यात 92 मिळवले की 944, त्यातून तीन पाण्याचे 54 वजा केले की उरतात 890. ट्रायस्टिअरिनचं, म्हणजे तिन्ही खुंट्यांवर स्टिअरिक असलेल्या मेदाचं, सूत्र घेऊन कार्बन 57, हायड्रोजन 110, ऑक्सिजन 6 असे मोजून बघ, तेवढेच येतात. हे एकदा स्वतःच्या हाताने केलंस की आयुष्यात विसरणार नाहीस.

(शरीरात हा सांधा थोडा वेगळ्या वाटेने जुळतो, फॅटी ॲसिड आधी कोएन्झाइम ए नावाच्या पेशीतल्या एका मदतनीस रेणूला जोडलं जातं आणि मग ग्लिसरॉलकडे दिलं जातं, पण सांधा शेवटी तोच एस्टर. परीक्षेला तुझं तीन पाण्याचं उत्तर बरोबरच आहे.)

पॉलिमर नाही. पॉलिमर म्हणजे एकच घटक किंवा एकाच जातीचे घटक एकापुढे एक शेकड्यांनी, हजारोंनी जोडत जाणं, स्टार्चमध्ये ग्लुकोज जोडले जातात किंवा प्रोटीनमध्ये अमिनो ॲसिड. मेदात तीन साखळ्या लागल्या की खुंट्या संपल्या, चौथी लावायला जागाच नाही. म्हणून ‘लिपिड पॉलिमर असतं’ असा पर्याय दिसला की सोडून दे.

पुस्तकातल्या चित्राबद्दल पण एक सांगते, त्यात तिन्ही साखळ्या एकाच बाजूला कंगव्यासारख्या काढलेल्या असतात, ते समजायला सोपं जावं म्हणून. प्रत्यक्षात मेदाचा स्फटिक होतो तेव्हा बहुतेक वेळा एक साखळी उलट दिशेला गेलेली असते, खुर्चीसारखा आकार होतो.

प्रश्न : आमच्याकडे कोकमाच्या बियांचं भिरंडेल काढतात. ते तेल आहे तर मग साबणासारखं घट्ट कसं? आणि टाचेला चोळलं की लगेच कसं वितळतं? (वाचक, मालवण)

किती छान प्रश्न! भिरंडेल, काही ठिकाणी मुठेल म्हणतात, हे माझं वर्गातलं लाडकं उदाहरण आहे.

कोकमाच्या बियांतल्या स्निग्धात दोनच साखळ्यांचं राज्य असतं, स्टिअरिक निम्म्याहून जास्त आणि बाकी बहुतेक ओलेइक. त्यांची बसण्याची रीतही ठरलेली, बहुतेक रेणूंमध्ये बाहेरच्या दोन खुंट्यांवर सरळ स्टिअरिक आणि मधल्या खुंटीवर वाकडं ओलेइक. सगळे रेणू जवळजवळ एकसारखे असल्यामुळे ते नीट रचले जातात, म्हणून गोळा घट्ट. आणि एकसारखे असल्यामुळेच ते वितळतातही साधारण एकदम, 38 ते 40 अंशांच्या आसपास. आपलं शरीर 37 अंशांचं, त्यात चोळण्याची उष्णता, म्हणून टाचेवर ते हळूहळू पाझरतं आणि भेगेत जाऊन बसतं. आजी ते दिव्यावर थोडं गरम करून लावायची ते अगदी योग्य होतं.

तुपाचं याच्या उलट. तुपात 4 कार्बनच्या ब्युटिरिकपासून 18 कार्बनपर्यंत कितीतरी प्रकारच्या साखळ्या मिसळलेल्या असतात, म्हणून ते एका ठरावीक तापमानाला वितळत नाही, आधी काही भाग सुटतो मग बाकीचा. कढवलेलं तूप हळूहळू गार होऊ दिलं तर लवकर घट्ट होणाऱ्या रेणूंना मोठे खडे करायला वेळ मिळतो आणि मध्ये पातळ तूप राहतं, तेच आपलं रवाळ तूप. घाईने फ्रिजमध्ये टाकलं की दाणे बारीक होतात आणि ते गुळगुळीत होतं.

भिरंडेलाची ही रचना, दोन सरळ आणि मध्ये एक वाकडी, कोको बटरशी फार जुळते. म्हणूनच युरोपीय संघाच्या नियमांत चॉकलेटमध्ये कोको बटरसोबत 5 टक्क्यांपर्यंत जी सहा वनस्पतीज स्निग्धं चालतात, त्यांत कोकमाचं नाव आहे, आंब्याच्या कोयीचं आणि साल वृक्षाच्या बियांचंही आहे. मालवणात टाचेला लावतो ते तिकडे चॉकलेटला चालतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

प्रश्न : लहानपणी आमच्या घरी लग्नकार्यात डालडाच वापरायचे. आता म्हणतात तो विष आहे. वनस्पती तेलापासूनच बनवतात ना, मग वाईट कसा? (सेवानिवृत्त वाचक, नागपूर)

काका, तुमच्या पिढीने डालडा वापरला तो स्वस्तातलं तूप म्हणून, त्यात तुमची काही चूक नव्हती, तेव्हा हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. विष हा शब्द मी वापरणार नाही, पण का नको ते सांगते.

पातळ तेल घट्ट करायचं तर वाकड्या साखळ्या सरळ केल्या पाहिजेत. त्यासाठी तेल तापवून, निकेलची बारीक भुकटी घालून त्यातून हायड्रोजन वायू सोडतात. दुहेरी बंध सुटतो, दोन हायड्रोजन येऊन बसतात, बाक गेला. विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1902 मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि आपल्याकडे 1930च्या दशकात मुंबईच्या शिवडीत वनस्पती तुपाचा कारखाना उभा राहिला, डालडा 1937 मध्ये बाजारात आला.

अडचण अशी की हे काम अर्धवट करायचं असतं, कारण पूर्ण केलं तर मेणासारखा कडक गोळा होतो, तो कोण खाणार. आणि अर्धवट प्रक्रियेत काही दुहेरी बंध सुटतात, पण हायड्रोजन न घेताच परत जुळतात, आणि जुळताना फिरतात. निसर्गातल्या बहुतेक वनस्पती तेलांत दुहेरी बंधाच्या दोन्ही हायड्रोजनांची जागा एकाच बाजूला असते, त्याला सिस म्हणतात, त्यामुळेच तो बाक येतो. फिरल्यावर दोघं विरुद्ध बाजूंना जातात, ती झाली ट्रान्स. दुहेरी बंध तसाच आहे पण साखळी जवळजवळ सरळ! ओलेइकचं ट्रान्स रूप म्हणजे इलायडिक ॲसिड, तेवढेच कार्बन, तेवढेच हायड्रोजन, पण वितळतं 13 ऐवजी साधारण 45 अंशांना. मला वाटतं अख्ख्या बायोलॉजीच्या पुस्तकात आकाराचं महत्त्व सांगणारं याहून चांगलं उदाहरण नसेल.

शरीराला मात्र हे सरळ झालेलं रूप मानवत नाही. ट्रान्स फॅटमुळे रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल वाढतं आणि एचडीएल, म्हणजे चांगलं, कमी होतं, आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, हे आता पक्कं झालंय. म्हणून एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, तेल आणि स्निग्ध पदार्थांतल्या ट्रान्स फॅटची मर्यादा 2021 मध्ये 3 टक्क्यांवर आणि 1 जानेवारी 2022 पासून 2 टक्क्यांवर आणली. म्हणजे आज दुकानात मिळणारं वनस्पती तूप तुमच्या लहानपणीसारखं नाही, पण संपृक्त साखळ्या त्यात भरपूर असतातच, तेव्हा रोजच्या वापरात नकोच.

थोडं ट्रान्स फॅट दुधातुपातही नैसर्गिकरीत्या असतं, गाईम्हशींच्या पोटातले जिवाणू ते करतात. पण त्याचं प्रमाण कमी असतं, त्यावरून तूप आणि जुना डालडा एकाच पंगतीत बसवू नका.

प्रश्न : तेलाच्या 1 लिटरच्या पिशवीवर 910 ग्रॅम लिहितात, ही फसवणूक नाही का? आणि ‘कोलेस्टेरॉल फ्री’ लिहितात ते खरं असतं का? (वाचक, ठाणे)

फसवणूक नाही. लिटर हे माप आकारमानाचं. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, एक लिटर तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅमच भरतं, म्हणून तर ते आमटीवर तरंगतं.

कोलेस्टेरॉल फ्री हे खरं असतं, पण त्यात त्या एका तेलाचं काही कौतुक नाही, कारण वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसल्यातच जमा असतं. ते मुख्यतः प्राण्यांमध्ये तयार होतं. आणि त्याची रचना मेदापेक्षा अगदी वेगळी, 27 कार्बन आणि चार कड्या एकमेकींना चिकटलेल्या, ना ग्लिसरॉल ना तीन साखळ्या. लिपिड या मोठ्या कुटुंबात दोघं येतात एवढंच.

प्रश्न : तेल पाण्यात मिसळत नाही. मग वरणभातावरचं तूप रक्तात कसं मिसळतं? (एक आई, सोलापूर. मुलीने विचारलंय, मला उत्तर देता आलं नाही)

ताई, मुलीला शाबासकी द्या, फार मूळचं विचारलंय तिने. पाण्याच्या रेणूला एक टोक किंचित ऋण आणि दुसरं किंचित धन असतं, त्यामुळे पाणी पाण्याला धरून राहतं. मेदाच्या लांब साखळ्यांत असा विद्युतभार जवळजवळ नसतोच, मग पाणी त्यांना आपल्यात घेत नाही आणि तेलाचे थेंब वेगळे पडतात.

तूप लहान आतड्यात आलं की यकृतातून आलेलं पित्त त्याचे बारीक बारीक थेंब करतं, भांडी घासताना साबण करतो तसंच काम. मग स्वादुपिंडाचं लायपेज नावाचं एन्झाइम बाहेरच्या दोन खुंट्यांवरच्या साखळ्या तोडतं, मधली तशीच राहते. हे तुकडे आतड्याच्या पेशीत शिरतात आणि आत गेल्यावर परत जोडले जाऊन पुन्हा ट्रायग्लिसराइड होतं! एवढं तोडलं आणि परत जोडलं, कारण अख्खा रेणू पेशीच्या भिंतीतून जात नाही, तुकडे जातात.

मग त्याचं पार्सल बांधलं जातं. बाहेरून प्रोटीन आणि फॉस्फोलिपिडचं आवरण, आत मेद. फॉस्फोलिपिड म्हणजे तीच ग्लिसरॉलची पट्टी, पण साखळ्या दोनच आणि तिसऱ्या खुंटीवर फॉस्फेटचा गट, त्याला पाणी आवडतं. म्हणजे एक टोक पाण्याकडे आणि शेपट्या तेलाकडे. आपल्या प्रत्येक पेशीची कडा अशाच रेणूंच्या दुहेरी थराची असते, हेही मुलीला सांगा. या पार्सलांना कायलोमायक्रॉन म्हणतात, ती आधी लसिकेत, म्हणजे लिम्फ नावाच्या द्रवात, आणि मग रक्तात जातात. तुपातेलाचं भरपूर जेवण झाल्यावर रक्त घेतलं तर त्यातला द्रव दुधाळ दिसतो तो यांच्यामुळेच, आणि ट्रायग्लिसराइड बघायचं असेल तर उपाशीपोटी रक्त द्यायला सांगतात तेही बहुतेक वेळा त्यामुळेच.

प्रश्न : मुलाच्या नव्या बॅटला जवसाचं तेल लावायला सांगितलंय. शेंगदाण्याचं लावलं तर चालणार नाही का? शिवाय घरी जवसाची चटणी करतो ती लवकर खवट होते, काय करावं? (वडील, अकोला)

शेंगदाण्याचं लावू नका, ते चिकट राहील आणि धूळ धरेल. जवसाचं लाकडात मुरून हळूहळू सुकतं. पण सुकतं म्हणजे उडून जातं असं नाही. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास किंवा जास्तच अल्फा लिनोलेनिक ॲसिड असतं, त्यात 18 कार्बन आणि तीन दुहेरी बंध. दोन दुहेरी बंधांच्या मधला जो कार्बन असतो तो फार नाजूक, त्याचा हायड्रोजन सहज निघतो आणि तिथे हवेतला ऑक्सिजन घुसतो. मग एका रेणूची साखळी शेजारच्या रेणूच्या साखळीला जोडली जाते, ती पुढच्या, असं करत जाळं तयार होतं आणि पातळ तेलाचा पक्का पापुद्रा होतो. तैलचित्रांचे रंग याच गुणावर शतकानुशतकं टिकलेत. शेंगदाणा तेलात असे नाजूक कार्बन खूप कमी, म्हणून त्याचा पापुद्रा धरत नाही.

चटणी खवट होते तीही याच ऑक्सिजनमुळे. जवस अख्खं असतं तेव्हा टरफल त्याला जपतं, कुटलं की तेल हवेला उघडं पडतं, साखळ्या तुटून त्यांचे छोटे छोटे तुकडे होतात आणि तो खवट वास त्या तुकड्यांचा. म्हणून जवस अख्खं साठवा, चटणी आठवडाभर पुरेल एवढीच करा, घट्ट झाकणाच्या बरणीत आणि उजेडापासून लांब, उन्हाळ्यात फ्रिजमध्ये. आणि खवट झालेली टाकून द्या, लिंबू पिळून चव झाकू नका. जवस सोडू मात्र नका, अल्फा लिनोलेनिक आणि लिनोलेइक या दोन साखळ्या आपलं शरीर स्वतः करू शकत नाही, त्या जेवणातूनच याव्या लागतात, आणि विदर्भ-मराठवाड्यात त्यातली पहिली ताटात याच चटणीतून येते.

बॅटला तेल लावताना एक काळजी जरूर घ्या. ज्या चिंधीने लावाल ती चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल ऑक्सिजन घेताना उष्णता बाहेर पडते, घडी केलेल्या चिंध्यांत ती साठते आणि कधी कधी चिंधी आपोआप पेट घेते. वापरून झाली की पाण्यात भिजवून ठेवा, नाहीतर अंगणात मोकळी पसरून पूर्ण वाळू द्या आणि मगच टाका.